एका ओळीचा निष्कर्ष

एफ. वाय.च्या संख्याशास्त्राच्या जर्नलचा साचा ठरलेला असतो. वर उद्देश, मग दिलेली माहिती, सूत्र, तक्ता, आकडेमोड. आलेख असेल तर तो समोरच्या कोऱ्या पानावर चिकटवलेला. आणि अगदी तळाशी, पान संपता संपता, एक ओळ: निष्कर्ष. हिच्या वाट्याला सगळ्यात कमी वेळ येतो. सबमिशनच्या आदल्या रात्री ती कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवली जाते. ‘प्रमाण विचलन ३.६३ आले.’ हे उत्तर झालं, निष्कर्ष नव्हे. सही मात्र मिळून जाते.

विषय घेताना धास्ती असते ती गणिताची, आणि ती बरीचशी वाया जाते. पहिल्या सत्रात बेरीज, वर्ग, भागाकार, वर्गमूळ यांच्यापलीकडे फारसं काही लागत नाही. मध्य, मध्यक, बहुलक तर दहावीलाच होऊन गेलेले असतात. घोडं अडतं ते दोन वाक्यांपाशी. एक गणिताच्या आधीचं, ‘खालील माहिती दिली आहे’; दुसरं गणितानंतरचं, ‘यावरून असे दिसते की’. कॉमर्सला, अर्थशास्त्राला, मानसशास्त्राला हाच विषय वेगळ्या नावाने येतो, तिथेही रडगाणं हेच. मधलं सगळं कॅल्क्युलेटर करून देतो. ही दोन वाक्यं तो करून देत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्याला सुरुवातीला आणखी एक वळसा पडतो. वारंवारता एका सुट्टीत फ्रिक्वेन्सी होते, बहुलकाचा मोड होतो. त्यात कॅल्क्युलेटरवर मोड नावाचं बटण असतं. त्याचा बहुलकाशी काही संबंध नाही, आणि मटकीच्या मोडांशी तर नाहीच. जर्नलच्या मागच्या पानावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवावेत, कारण जुने मराठी शब्द टाकाऊ नाहीत. वारंवारता म्हटलं की ‘किती वेळा’ हे आपसूक कळतं. विचलन म्हटलं की मध्यापासून ढळणं डोळ्यांसमोर येतं. फ्रिक्वेन्सी आणि डेव्हिएशन नुसते पाठ होतात.

पहिलं प्रॅक्टिकल वर्गांतराचं. १०–१९, २०–२९ असे समावेशक वर्ग दिलेले असतात. ते ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे सलग करून घ्यायचे, नाहीतर आयतालेखात फटी राहतात. हा नियम सगळे घोकतात आणि पहिल्याच वाक्याकडे दुर्लक्ष झालं की त्याच नियमाने फसतात. माहिती वजनाची असेल आणि किलो जवळच्या पूर्णांकात मोजलेले असतील, तर ९.५ बरोबर. पण माहिती वयाची असेल तर? वय आपण पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. १९ वर्षं ११ महिन्यांचा मुलगाही ‘एकोणीस’च म्हणतो. म्हणजे १०–१९ हा वर्ग खरा १० ते २० आहे, त्याचा मध्य १४.५ नाही, १५ आहे. एवढ्या एका चुकीने अख्खी सरासरी अर्ध्या वर्षाने तरुण होते. कॅल्क्युलेटर तक्रार करत नाही, तपासणाऱ्याच्याही नजरेतून निसटू शकतं.

आलेखांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, एक सोडून. वर्गांची रुंदी सारखी नसेल तर उंची म्हणून वारंवारता घ्यायची नसते, वारंवारता भागिले रुंदी घ्यायची असते. १०–२० मध्ये ३० माणसं आणि २०–५० मध्येही ३० माणसं असतील आणि दोन्ही आयत ३० उंचीचे काढले, तर दुसरा तिप्पट थोराड दिसतो. डोळा उंची बघत नाही, क्षेत्रफळ बघतो.

आता प्रमाण विचलन, म्हणजे पोरांच्या भाषेत एसडी: आकडे मध्यापासून साधारण किती ढळतात त्याचं माप. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ इथे आहे.

एका स्टॉपवर पाच दिवस बस किती मिनिटं उशिरा आली ते टिपून ठेवलं आहे असं धरा: ४, ७, ९, १०, १५. बेरीज ४५, मध्य ९. मध्यापासूनचे फरक -५, -२, ०, १, ६. त्यांचे वर्ग २५, ४, ०, १, ३६; बेरीज ६६. याला ५ ने भागलं तर १३.२, वर्गमूळ ३.६३. आणि ४ ने भागलं तर १६.५, वर्गमूळ ४.०६. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांचे. प्रश्न या पाच दिवसांपुरताच असेल तर ५ ने भागा. हे पाच दिवस नमुना आहेत आणि बोलायचं आहे बसच्या एरवीच्या वागण्याबद्दल, तर ४ ने.

एक वजा का करायचा, यावर वर्गात बहुधा ‘सूत्रच तसं आहे’ एवढंच उत्तर मिळतं. खरं तर ते कागदावर दिसतं. फरक आपण नमुन्याच्याच मध्यापासून घेतले, आणि तो मध्य याच पाच आकड्यांच्या बरोबर मधोमध बसलेला आहे. कुठल्याही दुसऱ्या बिंदूपासून फरक घेतले तर वर्गांची बेरीज वाढतेच. १० पासून घेऊन पाहा: -६, -३, -१, ०, ५, वर्गांची बेरीज ७१. बसचा खरा दीर्घकालीन उशीर १० मिनिटं असेल तर ७१ हा प्रामाणिक आकडा होता आणि आपल्या हाती ६६ आले. खरा मध्य ठाऊक नसल्यामुळे ही तूट पडते, आणि ती सरासरीने नेमकी एका आकड्याएवढी असते. एकाने कमी भागून ती भरून काढायची. दुसऱ्या बाजूने बघायचं तर, पाच फरकांची बेरीज शून्य असते, म्हणून चार कळले की पाचवा सांगावा लागत नाही. व्हायवाला ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे काय’ असं विचारलं की छताकडे बघण्याऐवजी हे पाच फरक फळ्यावर लिहावेत.

कॅसिओच्या एफएक्स-८२ एमएसवर हे करायची पद्धत अशी. आधी मोड, २. मग शिफ्ट, मोड, १, बरोबर; याने जुनी माहिती पुसली जाते. मग ४ आणि एम-प्लसचं बटण, ७ आणि एम-प्लस, असं पाचही आकड्यांचं. दर वेळी पडद्यावर किती आकडे झाले ते दिसतं. शेवटी तिथे ५ दिसायला हवेत. सहा दिसले तर एम-प्लस एकदा जास्त दाबलं गेलंय आणि शेवटचा आकडा दोनदा शिरलाय. आठ-दहा दिसले तर मागच्या गणिताची माहिती पुसायची राहिली आहे. मग शिफ्ट, २, आणि त्यापुढे १ म्हणजे मध्य, २ म्हणजे ५ ने भागलेलं विचलन, ३ म्हणजे ४ ने भागलेलं. २ की ३, हा निर्णय यंत्र घेत नाही, तो प्रश्नाच्या पहिल्या ओळीत दडलेला असतो. एक्सेलमध्ये हीच दोन विचलनं दोन वेगळ्या नावांनी येतात. आर या प्रणालीत एसडी मागितलं की न विचारता एकाने कमी भागलेलं मिळतं.

हाताने करणाऱ्याला आणखी एक सापळा आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. पुस्तकात प्रचरणाचं, म्हणजे वर्गमूळ घेण्याआधीच्या विचलनाचं, एक छोटं सूत्र असतं: वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग. फरकांचा रकाना वाचतो, म्हणून सगळ्यांना तेच आवडतं. तीन मुलांची उंची घ्या: १७१, १७३, १७४ सेंटिमीटर. मध्य १७२.६६६..., तो ‘एक दशांश स्थळापर्यंत’ म्हणून १७२.७ केला. वर्गांची बेरीज ८९,४४६, भागिले ३ म्हणजे २९,८१५.३३. आणि १७२.७ चा वर्ग २९,८२५.२९. वजाबाकी उणे ९.९६. प्रचरण ऋण! वर्गमूळाचं बटण दाबलं की पडद्यावर मॅथ एरर. खरं उत्तर आहे १.५६. दोन अवाढव्य संख्यांची वजाबाकी करून इवलासा फरक काढायचा, आणि त्यातली एक संख्या आधीच छाटलेली. दुसरं काय होणार? ०.०३ ची चूक, वर्ग करताना १७२ च्या दुपटीने फुगते.

उपाय दहावीच्या पुस्तकातलाच आहे, गृहीतमध्य. सगळ्यांतून १७० काढून टाका: १, ३, ४. वर्गांची बेरीज २६, मध्य २.६७. आता छाटूनही उत्तर १.५४ येतं, गाडी रुळावरून उतरत नाही. गृहीतमध्य ही कॅल्क्युलेटर नसतानाच्या काळातली काटकसर आहे असं समजून मुलं ती सोडून देतात. ती चूक आवरण्याचीही पद्धत आहे.

सहसंबंध गुणांकाला, म्हणजे दोन चलं किती जोडीने बदलतात हे सांगणाऱ्या आकड्याला, हात घालण्याआधी ठिपक्यांचा आलेख काढावा, हे वाक्य प्रत्येक जण ऐकतो आणि प्रत्येक जण आधी गुणांक काढून मोकळा होतो. १९७३ साली फ्रँक अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने अकरा-अकरा जोड्यांचे चार संच तयार केले. चारही संचांत पहिल्या चलाचा मध्य ९, दुसऱ्याचा ७.५, गुणांक ०.८१६ आणि समाश्रयण रेषाही (ठिपक्यांमधून सगळ्यात नीट जाणारी रेषा) एकच: ३ अधिक पहिल्या चलाची निमपट. कागदावर काढले की पहिला संच रेषेभोवतीचा साधा विखुरलेला ढग, दुसरा स्वच्छ कमानीसारखा वक्र, तिसऱ्यात दहा ठिपके एका रेषेत आणि एक उडालेला, चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत आणि एकटा लांब पडलेला. चौथ्यातला तो एक ठिपका झाकला तर गुणांक काढताच येत नाही. ‘०.८१६, म्हणून दृढ धन सहसंबंध’ हा निष्कर्ष चारपैकी एकाच संचाला शोभतो.

दुसऱ्या सत्रात अनुमान येतं आणि वर्गातली शांतता बदलते. तोवर आकडे सांगायचे होते, आता आकड्यांवरून न पाहिलेल्या गोष्टींबद्दल बोलायचं असतं. आपल्या पाच बसकडे परत जाऊ. मध्य ९, विचलन ४.०६. त्याला ५ च्या वर्गमूळाने भागलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे मध्य नमुन्यागणिक साधारण किती हलेल ते, १.८२. नमुना छोटा, म्हणून टी-तक्ता. हा तक्ता ज्याच्या डोक्यातून निघाला तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात कामाला होता आणि १९०८ साली त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तो शोधनिबंध छापला. म्हणून तक्त्याला आजही स्टुडंटचा टी म्हणतात. विद्यार्थ्यांचा काही संबंध नाही.

तक्त्यात ४ ची ओळ (आकडे पाच, पण मोकळे फरक चारच), दोन्ही बाजू मिळून ५ टक्के: २.७७६. नमुन्यात पाच आकडे म्हणून ५ ची ओळ बघितली तर २.५७१ मिळेल. एका बाजूचा रकाना धरला तर २.१३२. चुकायच्या जागा या दोनच. २.७७६ गुणिले १.८२ म्हणजे ५.०५, म्हणून ९५ टक्के भरवशाच्या मर्यादा साधारण ४ ते १४ मिनिटं. सवयीने १.९६ घेतलं असतं तर ५.४ ते १२.६ आलं असतं. पाच दिवसांच्या टिपणाला न शोभणारा आत्मविश्वास.

आणि आता ती ओळ. ‘९५ टक्के दिवशी बस ४ ते १४ मिनिटं उशिरा येते’ असं लिहिलं की सगळं मुसळ केरात. मर्यादा सरासरी उशिराच्या आहेत, एकेका दिवसाच्या नाहीत. बरोबर वाक्य लांबलचक आहे: अशा रीतीने पाच-पाच दिवसांचे नमुने पुन्हापुन्हा घेऊन दर वेळी मर्यादा काढल्या, तर शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव वेळा खरा सरासरी उशीर त्या मर्यादांत सापडेल, तेही उशिरांचं वितरण साधारण घंटेच्या आकाराचं असेल तर. भरवसा पद्धतीचा आहे, या एका उत्तराचा नाही. जर्नलच्या तळाशी एवढी जागा नसते, हे खरंच.

परिकल्पना चाचणीत तर वाक्यच सगळं काही असतं. नाणं वीस वेळा उडवलं, पंधरा छापे पडले. नाणं सरळ असेल तर पंधरा किंवा जास्त छापे, अथवा तितकेच काटे, पडण्याची शक्यता ०.०४१. पाच टक्क्यांच्या खाली, म्हणून शून्य परिकल्पना, म्हणजे ‘नाणं सरळ आहे’ हे गृहीत, नाकारायची. छापे चौदा असते तर शक्यता ०.११५, नाकारता येत नाही. एका छाप्यावर निकाल फिरतो. म्हणून नुसतं ‘नाकारली’ असं लिहू नये, आकडा सोबत लिहावा.

त्या ०.०४१ चा अर्थ ‘नाणं सरळ असण्याची शक्यता ४.१ टक्के’ असा लावला जातो. पदवी घेतलेली माणसंही लावतात. ती शक्यता नाणं सरळ आहे असं धरून काढली आहे, मग तीच नाण्याच्या सरळपणाबद्दल कशी बोलेल? धो धो पाऊस असला की लोकल बहुधा उशिरा येते. लोकल उशिरा आली म्हणून प्लॅटफॉर्मवर कुणी छत्री उघडत नाही.

चौदा छाप्यांच्या बाबतीत ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ असं लिहितात. ही शब्दांची कटकट वाटते, पण आकडा काढून बघा. एखादं नाणं खोटं आहे, शंभरात सत्तर वेळा छापा देतं. वीस फेकींत त्याचे पंधरा किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. म्हणजे इतकं उघड खोटं नाणंसुद्धा या चाचणीतून शंभरात अठ्ठावन्न वेळा सुटून जातं. ‘स्वीकारली’ म्हणजे नाण्याला चारित्र्याचा दाखला दिल्यासारखं झालं. ‘नाकारण्याइतका पुरावा या वीस फेकींत मिळाला नाही’ हे लांब आहे पण खरं आहे, आणि फेकी वाढवा हेही त्यातच सुचवलेलं आहे.

काही तपासण्या अंगवळणी पाडून घ्याव्यात. मध्य सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या मधेच हवा. विचलन पसाऱ्यापेक्षा मोठं येऊच शकत नाही. गुणांक उणे एक ते एकच्या बाहेर गेला तर पान उलटू नका, बेरीज तपासा. मध्यकाच्या सूत्रात संचित वारंवारता आधीच्या वर्गाची असते, त्याच वर्गाची नव्हे. उत्तर वर्गाच्या बाहेर पडलं तर तिथेच बोट ठेवा. आणि निष्कर्षात तीन गोष्टी याव्यात: कशाबद्दल, एककासह किती, कोणत्या अटीवर. एकक तर हटकून राहतं. प्रचरण ‘१६.५ मिनिटं’ नसतं, ते वर्ग-मिनिटांत असतं. वर्ग-मिनिट म्हणजे काय हे कुणालाच डोळ्यांसमोर आणता येत नाही, म्हणून तर वर्गमूळ घेऊन परत मिनिटांवर यायचं.

उरली पहिली ओळ. ‘खालील माहिती दिली आहे.’ कुणी दिली? बस कोणत्या पाच दिवशी बघितली, सोमवार ते शुक्रवार की लागोपाठचे पाच सणवार? घड्याळ कुणाचं? जर्नलमध्ये माहिती शिजवून वाढलेली असते, त्यामुळे हा प्रश्न वर्षभर कुणाला पडत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांना तो पिकांबाबत पडला. १९४० च्या दशकात देशात पीक कापणीचे प्रयोग सुरू होते. शेतात यादृच्छिक जागी एक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, झोडपून धान्य तोलायचं आणि त्यावरून सबंध भागाचं उत्पादन काढायचं. तुकडा किती मोठा असावा यावर मतभेद होते. कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पाहण्यांत छोटे तुकडे वापरत. छोटे तुकडे स्वस्त, त्याच खर्चात जास्त शेतं बघून होतात. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा जितका छोटा, तितकं उत्पादन फुगून येतं.

कारण फार साधं आहे. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस ते बहुधा आत घेतो. चौफेर पाच-पाच सेंटिमीटर जास्त कापलं गेलं असं धरू. एक मीटर बाजूचा चौरस १.१० मीटरचा झाला, क्षेत्रफळ १.२१, म्हणजे उत्पादन २१ टक्के जास्त. पाच मीटर बाजूचा चौरस ५.१० चा झाला, २५ ऐवजी २६.०१, म्हणजे फक्त ४ टक्के. यादृच्छिक चूक नमुना चौपट केला की निम्मी होते. ही होत नाही. हजार शेतांत छोटे तुकडे कापले तरी ती २१ च्या २१ टक्के जागच्या जागी राहते, उलट प्रमाण त्रुटी बारीक झाल्यामुळे चुकीचं उत्तर जास्तच ठाम दिसायला लागतं. तक्ता बरोबर, सूत्र बरोबर, मर्यादा अरुंद. आणि शेतात चार खुंट्या, एक ताणलेली दोरी, दोरीला टेकलेलं ज्वारीचं एक ताट आणि विळा हातात घेऊन वाकलेला माणूस.